दोन खणांचा डबा

७ जानेवारी १९९०, रविवार

माझ्या हातानं झालेल्या वस्तू आधी लिहितो, म्हणजे ही वही कुणाची ते कळेल. छावणीतल्या जवानांच्या काळ्या पत्र्याच्या पेट्या. एकीचीही कडी सुटून परत आली नाही. बिडकीनच्या बाजारतळावर पाणपोईचं छप्पर. घराचा जिना. शेळ्यांना पाणी पाजायचं दोणं, ज्यात शेळी पाय घालू शकत नाही. मुलगी राजा, तिच्या लग्नात दिलेलं कपाट, दार एका बोटानं लागतं. स्वतःच्या चष्म्याच्या दांड्या, दोनदा.

चौथीपुढं शाळा नाही. बाप मुंजाबा मेंढरं वळायचा. पोलीस अ‍ॅक्शन झालं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि लोखंड म्हणजे विळा आणि कुऱ्हाड एवढंच पाहिलेलं. वेल्डिंग छावणीत एका ठेकेदाराच्या दारात उभं राहून, बघून शिकलो. हातात कुणी काही दिलं नाही. हे गर्वानं लिहितो, कारण गर्व करण्यासारखंच आहे.

आता नवीन काम. गल्लीच्या टोकाला सरकारी दवाखाना आहे, तिथल्या नर्स वहिदा सिस्टर आज दुकानात आल्या. एक आमदारबाई विधेयक आणणार आहेत म्हणे. निरोध आणि बायकांच्या गोळ्या सरकार फुकट देतंच, पण दवाखान्याच्या खिडकीवर नाव सांगा, नवऱ्याचं नाव सांगा, मुलं किती ते सांगा, आणि मागं निम्मी वस्ती कान देऊन उभी. कायदा झाला तर कारखान्याच्या फाटकापाशी, एस.टी. स्टँडवर, रेशन दुकानाबाहेर डबे टांगतील. न विचारता, न लिहिता, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं.

"पण विधेयकाची कमिटी कागदावरच्या डब्याला हसेल, सोनाजीभाऊ," सिस्टर म्हणाल्या. "लोखंडाचा समोर ठेवला तर नाही हसणार."

मी म्हणालो, वाळूजला एवढे मोठे कारखाने पडलेत, माझ्याकडं का?

"ते मोटारी बनवतात. आणि पैसे आधी मागतात."

पहिलं कारण मला पटलं. काम घेतलं.

गयास माझ्याकडं पत्रा कापतो, वय माझ्याएवढंच, जीभ कात्रीपेक्षा धारदार. तो म्हणाला, "आधी फौजेच्या पेट्या केल्या, आता बच्चे रोकण्याची पेटी. तरक्की आहे, शेठ."

१६ जानेवारी

डबा झाला. वीस गेजचा पत्रा. दोन खण: डावीकडं निरोध, उजवीकडं गोळ्यांची पाकिटं. त्या त्या खणाखालची मूठ ओढली की एक खाली पडतं, सोडली की झडप मिटते. दुसरं पाहिजे तर पुन्हा ओढावं लागतं. स्प्रिंग सायकलच्या सीटची आहे, बाजारात मिळते त्याहून चांगली. कडा आत वळवल्यात, हात कापणार नाही. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण गयासनं काढला, एक कोपरा मी दुरुस्त केला.

सिस्टर म्हणाल्या, चाचणी खऱ्या मालावर झाली पाहिजे. त्यांनी दोन्ही खण भरून दिले. मी डबा दुकानात लावणार होतो.

"दुकानात नको. मागं न्हाणीघरापाशी लावा. तिथं ओल असते. गंज धरतो का ते कळेल."

विचार बरोबर आहे. गंजाचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, हे कबूल. न्हाणीला लागून आमचा बोअरचा नळ आहे, गल्लीतल्या बायका तिथंच पाणी भरतात, त्यामुळं ओल कायम असते. तिथं टांगला.

कस्तुराला, म्हणजे माझ्या बायकोला, मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी राग आला. डब्याकडं बघून एवढंच म्हणाली, "उंच झालाय. जरा खाली घ्या, हात पुरत नाय."

"कुणाचा हात?"

"कुनाचाबी."

चार बोटं खाली घेतला.

२९ जानेवारी

काहीतरी चुकतंय. निरोधचा खण भरलेला तसाच आहे. गोळ्यांचा खण कमी होतोय. मूठ तर मी सोडून कुणी ओढत नाही. म्हणजे झडप ढिली आहे, पाकिटं आपोआप सुटतात. मग ती खाली दिसत का नाहीत? नळाच्या पाण्यानं वाहून जात असतील.

काल राजा आली होती. आमची एकुलती एक, बिडकीनला दिलीय. जावई रामकिसन वाळूजला कारखान्यात पाळीवर आहे. दोन मुली आहेत. सासू द्वारकाबाईंना नातू हवाय, हे त्या बसच्या कंडक्टरलाही सांगतात. राजा आली, न्हाणीत जाऊन आली, चहा घेतला, संध्याकाळच्या बसनं गेली. एवढ्यासाठी कशाला आली? आईची आठवण येत असेल.

१२ फेब्रुवारी

झडप दुसऱ्यांदा नवीन केली. पुन्हा तेच. गयासला म्हणालो, डाव्या खणाला तीच झडप, तोच पत्रा, तिथून एक सुटत नाही. उजव्याचंच का?

गयास कापता कापता थांबला. "शेठ, माझी बीवी सगीरा तुमच्याकडं पाण्याला येते ना?"

"येते. त्याचा काय संबंध?"

"काही नाही. पाणी गोड आहे म्हणते तुमचं."

हा माणूस कामाच्या वेळी दुसरंच बोलतो.

२० फेब्रुवारी

उपाय सापडला. झोपेत सुचला असं म्हणायला हरकत नाही. सायकलची घंटी आतून बसवली. झडप हलली की टोला पडतो. आता एकही पाकीट मला न कळता सुटणार नाही. घंटीचा आवाज दुकानापर्यंत स्पष्ट येतो. आधीचा डबा वस्तू देत होता, आता दिल्याची साक्षही देतो. असा डबा दिल्लीतसुद्धा नसेल.

कस्तुरानं घंटी ऐकली आणि तवा आपटला. "मुडदा बशिवला त्या घंटीचा. कशापायी?"

तिला यंत्रातलं कळत नाही.

२६ फेब्रुवारी

घंटी बसल्यापासून गोळ्यांचा खण भरलेलाच. दोष झडपेतच होता, टोल्यानं ती घट्ट बसली. सिस्टरना सांगितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. हेवा नव्हे, पण एखादं काम जमलं की शिकलेल्या माणसांना शब्द सापडत नाहीत, असं पाहिलंय.

आज एकदाच वाजली. मी हातातली पक्कड टाकून मागं पळालो, "कोण? एक पडलं का दोन?" ओरडत. नळावर चार बायका होत्या, सगळ्या बघत होत्या. न्हाणीच्या दारात राजा. चेहरा लालबुंद. म्हणाली, "हात लागला, बाबा." पाकीट खाली पडलं होतं. मी उचलून परत भरलं आणि तिला समजावून सांगितलं की चाचणी चालू आहे, उगाच हात लावू नये.

ती तशीच बसला गेली. चहा न घेता.

२८ फेब्रुवारी

कस्तुरा दोन दिवस बोलत नाही. आज भाकरी थापता थापता, भिंतीकडं बघून बोलली. "बिडकीनच्या दवाखान्यात चिठ्ठ्या लिवायला कोन बसतंय म्हाईत हाय का? द्वारकाबाईची भाची."

मी म्हणालो, असेल. नोकरी लागली, चांगलं झालं.

ती भाकरी करपली.

११ मार्च, रविवार

घंटी वाजेनाशी झाली. उघडून बघितली तर आत काळी लोकर कोंबलेली. आमच्या जुन्या घोंगडीची. उंदरानं घरटं केलंय. साफ केली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा साफ केली. मागच्या बाजूला जाळी ठोकली.

गयासला सांगितलं तर तो खाली बसून हसायला लागला. "उंदीर घोंगडीच निवडतो? साबणाच्या कागदाकडं बघत नाही?"

"धनगराच्या घरातला उंदीर आहे," मी म्हणालो.

"शेठ, त्या उंदराला माझा सलाम सांगा. आणि सगीराचा पण."

२ एप्रिल

राजा आलीय, आठ दिवस राहणार म्हणते. पिवळी पडलीय. जेवत नाही. कस्तुरा आणि सिस्टर न्हाणीच्या मागं बराच वेळ कुजबुजत होत्या. मी गेलो की पाण्याच्या भांड्यांवर बोलू लागतात. मी सिस्टरना विचारलं, पोरीला कावीळ तर नाही?

"कावीळ नाही, सोनाजीभाऊ. वाट बघू."

"कशाची?"

"तुमची कमिटी सात तारखेला आहे ना? तिची."

कमिटीची वाट राजा का बघेल? पण बापाचं काम मोठ्या लोकांपुढं जाणार याची काळजी मुलीला असते. मनातून बरं वाटलं.

७ एप्रिल, शनिवार

आजचं सविस्तर लिहितो.

सकाळी डबा पुसला, मुठींना तेल दिलं, गोधडीत गुंडाळला. कस्तुरा नवीन लुगडं नेसून तयार. म्हणाली, मीबी येते. तीस वर्षांत ही बाई छावणीच्या पोस्टात एकटी गेली नाही. म्हटलं, चल.

सुभेदारी विश्रामगृहात मोठं टेबल होतं. मध्ये आमदारबाई, दोन्ही बाजूंना सदस्य, कडेला टंकलेखक. सिस्टर आधी बोलल्या. एका वयस्कर सदस्यांचं म्हणणं असं की डबा ठेवा, पण चावी सुपरवायझरकडं, शेजारी रजिस्टर, आणि घेणाऱ्यानं लग्न झाल्याचं लिहून द्यावं. नाहीतर पोरंटोरं नेतील.

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, आज आमच्याकडं रजिस्टर आहेच. ज्यांची नावं त्यात येतात त्यांना आम्ही गोळ्या देतो. ज्यांची येत नाहीत त्यांची भेट बाळंतपणात होते."

ते म्हणाले, "तुम्ही भावनेनं बोलता."

मग माझी पाळी. पत्र्याचा गेज सांगितला, झडप सांगितली, गंजाची चाचणी सांगितली. शेवटी म्हणालो, "हा डबा एका वेळी एकच देतो, आणि दिल्याची साक्ष देतो. ऐका." आणि मूठ ओढली.

पाकीट पडलं. आवाज नाही.

पुन्हा ओढली. पाकीट पडलं. आवाज नाही.

डबा फिरवला. मागचं झाकण उघडलं. घंटीला काळ्या लोकरीची टोपी घातलेली, आणि ती टोपी बारीक टाक्यांनी शिवलेली. उंदराला टाके घालता येत नाहीत, एवढं मला कळतं.

मी म्हणालो, "साहेब, घंटी बिघडवली आहे कुणीतरी. माफ करा."

"म्या शिवली," मागून आवाज आला. कस्तुरा भिंतीपाशी उभी. पदर डोक्यावर, पण आवाज नळावरचा.

आमदारबाईंनी विचारलं, "का हो बाई?"

"वाजली की समदी बघत्यात. बघितलं की बाई हात काढून घेती. मंग डबा टांगलाय कुनासाठी?"

वयस्कर सदस्य हसून म्हणाले, "तुम्हाला काय माहीत, बायका हात काढून घेतात ते?"

"डबा आमच्याच न्हाणीपाशी हाय, सायेब. नळावर आमीच असतो. घंटी नव्हती तवा खण रिकामा व्हायचा. ह्यास्नी वाटायचं झडप ढिली हाय." आणि मग थोडं थांबून, माझ्याकडं न बघता, "झडप चांगली हाय. त्यांच्या हातचं काय ढिलं नसतंय."

कुणीतरी हसलं. मी डब्याकडं बघत राहिलो. खालच्या कडेचा एक रिवेट किंचित तिरपा बसलाय. आजवर दिसला नव्हता.

वयस्कर सदस्य रजिस्टरवर पुन्हा बोलायला लागले. आमदारबाईंनी त्यांना बोलू दिलं आणि मग कस्तुराला विचारलं, रजिस्टर ठेवलं तर?

"घंटीच की ती. कागदाची," कस्तुरा म्हणाली.

आमदारबाई टंकलेखकाकडं वळल्या. "लिहा. नाव, लग्न, नवऱ्याची संमती, काही विचारलं जाणार नाही. नोंद नाही. चावी फक्त भरणाऱ्या नर्सकडं. आणि डबा आवाज न करणारा असावा."

टंकलेखकाचं मशीन लई वाजत होतं.

रिक्षात आम्ही दोघं आणि मध्ये डबा. मी विचारलं, "राजा?"

"बगू," ती म्हणाली.

८ एप्रिल

घंटी काढली. डबा तेवढा हलका झाला. भोक राहिलं होतं ते ब्रेझिंगनं, म्हणजे पितळ वितळवून, बुजवलं, हात फिरवला तरी कळत नाही.

न्हाणीकडं उघडणारी दुकानाची खिडकी विटांनी बंद केली. धूळ येत होती.

११ एप्रिल

आज काही सण नाही, तरी घरात शिरा. राजा न्हाऊन केस मोकळे सोडून अंगणात बसली होती आणि सगीराबरोबर मोठ्यानं हसत होती. सिस्टर आल्या, उभ्या उभ्याच शिरा खाल्ला. मला कुणी काही सांगितलं नाही. मी दोनदा मागून घेतला.

१३ एप्रिल

राजा उद्या जाणार. तिच्यासाठी हळदी-कुंकवाचा डबा केला. पितळी पत्रा, गोल, दोन वाट्या. वाट्या उचलल्यावर जो तळ दिसतो तो खरा तळ नाही. डावीकडं अर्धा फिरवला की निघतो, खाली तीन बोटं जागा राहते. द्वारकाबाईंनी हातात घेऊन उलटापालटा केला तरी कळणार नाही, त्यांची भाची आली तरी नाही. जोड मीच शोधायला गेलो तर मलाही एकदा सापडला नाही. इतकं बारीक काम मी आजवर केलेलं नाही.

राजाला फिरवून दाखवलं. आत काय ठेवायचं ते तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. तिनं स्वतः एकदा फिरवून बघितलं, बंद केला, आणि पाया पडायला वाकली. एरवी ती दारातूनच पाया पडते. आज जवळ येऊन पडली.

"बाबा, जोड कुठं हाय?"

"नाही दिसायचा," मी म्हणालो.

२७ एप्रिल

विधेयकाच्या मसुद्याची टाइप केलेली प्रत सिस्टरनी आणून दिली. शेवटी जोडपत्र आहे, त्यात माझा डबा. "दोन स्वतंत्र कप्पे, विनाशुल्क, विनानोंद, विनाआवाज." वयस्कर सदस्यांनी वेगळं मत लावलंय, ते दोन पानांचं आहे. विधेयक पुढं मुंबईला जाईल. सिस्टर म्हणतात, पास व्हायला वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही, कदाचित सरकार त्यातलं अर्धंच उचलेल.

मी विचारलं, मग तोवर?

"तोवर तुमचा नळ आहे."

प्रत तीनदा वाचली. उंची चुकवलीय, चौदा इंचाऐवजी चोवीस लिहिलीय. लाल शाईनं दुरुस्त करून परत दिली. बाकी चूक नाही. माझं नाव कुठं नाही. सिस्टर म्हणाल्या, कायद्यात करणाऱ्याचं नाव नसतं. चालेल. कुणी केला ते मला माहीत आहे.

गयासनं प्रत हातात घेतली, मराठी वाचता येत नाही तरी जोडपत्रावर बोट फिरवलं. "शेठ, कानून मध्ये आपली कात्री गेली."

"सरळ कापली होतीस म्हणून," मी म्हणालो. त्याला आजवर एवढं चांगलं मी बोललो नव्हतो. दिवसभर तो शिट्टी वाजवत होता.

१० मे

सिस्टर गोळ्यांचा खण दर आठवड्याला भरतात. मी मोजत नाही. निरोधचा खणही आता हलू लागलाय. गयास म्हणतो, पाणी खरंच गोड आहे.

१९ मे, शनिवार

आज पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ आले. पत्र्याचं काम करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचे मालक, मसुदा कुठूनतरी वाचून आलेले. चहा घेतला, डबा बघितला, मूठ ओढून बघितली. माणूस जाणकार होता. झडपेची तारीफ बरोबर जागी केली, ती ऐकून मला आनंद झाला, खोटं का लिहू.

त्यांना डब्याचा सगळा हक्क विकत हवा होता, माझी सही करून. कायदा होवो न होवो, ते आत्तापासून कारखान्यांना विकणार. एकच बदल. उजवा खण काढायचा. "कारखान्यात बायका कितीशा असतात? आणि गोळ्यांचं झंझट कोण घेईल? पुरुषांचा एक खण, वर नाण्याची फट. स्वस्त पडेल, खपेल."

कस्तुरा दारात चहाच्या कपबश्या गोळा करत उभी होती.

मी त्यांना डबा भिंतीवरून काढून दाखवला. दोन खण आहेत म्हणून तो एका खिळ्यावर सरळ लटकतो. उजवा काढला तर डावीकडं झुकतो. त्यांनी म्हटलं, दोन खिळे मारू. मी म्हटलं, दोन खिळे मारून सरळ केलेला डबा मी कधी दिलेला नाही, देणारही नाही. त्यांना वाटलं मी किंमत वाढवतोय, म्हणून त्यांनी वाढवली. मी पुन्हा नाही म्हणालो.

शेवटी देत होते ते एक लाख चाळीस हजार रुपये, रोख.